मुलींनी बाहेर बसावं

१० जानेवारी १९८४, मंगळवार

आज आम्हाला वर्गाबाहेर काढलं! लॉ कॉलेजात आमच्या वर्गात मुली दोघीच — मी आणि कोकिळा. बाकी बेचाळीस मुलं. व्यंकटराव सरांनी पुस्तक उघडलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आज कलम तीनशे पंच्याहत्तर. मुलींनी बाहेर बसावं." बलात्काराचं कलम.

कोकिळा मुकाट्यानं उठली. मीही उठले — त्याचाच राग येतोय. तासभर आवारातल्या कडुलिंबाखाली बसलो. मानवतहून पहाटेची एसटी धरून मी लिंबाखाली बसायला येते का? कोकिळाला म्हटलं, तर म्हणते, "जाऊ दे ना माय!" भित्री आहे नुसती.

११ जानेवारी

वर्गातल्या राधाकिशनकडे वही मागितली. लाजत लाजत दिली. कालच्या तासाची दोन पानं टाचण्या लावून बंद! मी काढल्या. आत काय, तर "हे कलम घरी वाचून घेणे." बस्स! म्हणजे मुलांनाही शिकवलं नाहीच.

१३ जानेवारी

विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद. एसटी नाही. घरीच.

१७ जानेवारी

दुपारी कोर्टात जाऊन सरांना गाठलं. सकाळी शिकवतात, दिवसा वकिली करतात. म्हटलं, "सर, गेल्याच महिन्यात हा कायदा बदललाय. पेपरात प्रश्न येणारच. आम्हा दोघींचा पेपर वेगळा निघणार का?"

सर इकडेतिकडे बघायला लागले. "अगं, तुमच्यासमोर ते शब्द काढायचे कसे? तुझ्या वडिलांना काय सांगू मी?"

"उद्या वकिलीची सनद घेतल्यावर अशी एखादी बाई माझ्याकडे आली, तर तिलाही बाहेर बसवू?"

सर एवढंच म्हणाले, "शुक्रवारी बघू."

२० जानेवारी, शुक्रवार

काय बघितलं? पुन्हा तेच! "मुलींनी—" आणि मी, एवढं तावातावानं बोलून आलेली मी, सवयीनं उठले!

कोकिळा उठली नाही. मान खाली, बाकाची कड घट्ट धरलेली. "सर, मला ऐकायचंय." एवढंच बोलली. मी गपकन खाली बसले.

सरांनी खिडकीकडे बघत शिकवलं, पण सगळं शिकवलं. संमती कशाला म्हणायचं, कशाला नाही, नवीन काय आलं. कोकिळानं शब्द न् शब्द उतरवून घेतला. हिला मी भित्री म्हणत होते! लाज वाटली स्वतःची.

२१ जानेवारी

कोकिळा आज स्टँडपर्यंत आली. एरवी येत नाही. मानवतची गाडी लागली, तेव्हा हळूच म्हणाली, "फिर्याद द्यायला मुदत असती का गं? चार वर्सं झाली असली तर चालतंय का?"

मी म्हटलं, या गुन्ह्याला मुदत नाही. पण परीक्षेला इतकं खोलात कुणी विचारत नाही.

"परीक्षेसाठी न्हाई विचारायले मी."

मी गाडी जाऊ दिली.