कान दुखत नव्हते

डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली
दि. ९ मार्च २००३

चि. पल्लवीस,
ताईचा सप्रेम जयभीम.

इकडं सगळे बरे आहेत. बाबांचा उजवा हात आता थोडा वर जातो, चहाचा कप स्वतःच धरतात. प्रमोदनं वारंगा फाट्यावर टायरचं दुकान टाकलं, बहिणींपेक्षा गिऱ्हाइकांशी गोड बोलतो. माझ्या शाळेत परीक्षेची गडबड आहे.

आई जेवते. हे आधी लिहायला हवं होतं. परवापासून पोटभर जेवते.

तुझं पत्र गुरुवारी आलं. 'आई माझ्या काळजीनं अन्न टाकत असेल तर मी इथल्या समुद्रातल्या कामाच्या पुढच्या तीन वर्षांच्या करारावर सही करत नाही, महिनाअखेरीस घरी येते.' प्रमोदनं मोठ्यानं वाचलं. आईनं पदर डोळ्याला लावला. मी भाकरी थापत होते. खरं सांगते, मला बरं वाटलं. थापता थापता गुणगुणायला लागले. मग स्वतःचाच आवाज कानावर आला आणि हात थांबला.

काल तुझ्या ऑफिसात फोन लावला, तर तू बेटावर गेलेली. फोन घेणाऱ्या बाईंना एवढंच सांगितलं, पल्लवीला म्हणावं सही कर, कारण पत्रात येतंय. बूथमध्ये माझ्यामागं चार माणसं उभी होती. त्यांच्यादेखत कारण सांगणार कसं?

दिवाळीच्या सुट्टीत तू मला तिकडं बोलावलंस. चेन्नईहून जहाजानं पोचले, तर तू धक्क्यावर उभी. उन्हानं रापलेली, केस कापलेले, एका खलाशाशी बंगालीत हसून बोलत होतीस. मी तुला मिठी मारली आणि मनात म्हटलं, ही बंगाली कधी शिकली? तिथूनच सुरू झालं. तू खारफुटीतला खंड्या दाखवलास, ओहोटीला वाळूवर पळणारे खेकडे दाखवलेस, आणि मी प्रत्येक ठिकाणी मनात म्हणत होते, हे माझंही असतं.

मग हॅवलॉक बेटावर तू मला पाण्याखाली नेलंस. पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर काच. पल्लू, संतराममामांच्या विहिरीत तुझ्या कमरेला भोपळा बांधून तुला पोहायला मी शिकवलं. बुडी मारून तळातला दगड वर आणायची ती मी. बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी डी.एड. करून नोकरीला लागले आणि तू औरंगाबादला एम.एस्सी.ला गेलीस. ते माझ्यावर कुणी लादलं नव्हतं. मीच बाबांना म्हटलं होतं, तिला शिकू द्या.

पण त्या दिवशी वीस फूट खाली तू माझा हात धरलास, जसा मी तुझा धरायची. समोरून प्रवाळाच्या कडेनं एक कासव आलं, पाखरू उडावं तसं पोहत. इतकं जवळ, की त्याच्या पापणीच्या सुरकुत्या दिसल्या. तू त्याच्याकडं बघतही नव्हतीस. तुला ते रोजचंच. तू माझ्याकडं बघत होतीस, ताईला आनंद झाला का म्हणून. मी हात सोडवून घेतला. तू शिकवलेली खूण केली, अंगठा वर. मला वर ने.

बोटीवर मी म्हटलं, कान दुखले. तू रडवेली झालीस. दोन दिवस काम सोडून माझ्या कानात थेंब घालत बसलीस. कान दुखत नव्हते, पल्लू.

एवढंच असतं तर मी गप्प राहिले असते.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "कशी हाय माझी पोरगी?"

मी म्हटलं, "वाळून गेली. पाण्यात एकदा शुद्ध हरपली तिची, दोघांनी ओढून काढलं. मी डोळ्यानं बघितलं."

असं काही घडलं नव्हतं. वाक्य तोंडातून गेलं आणि आई मटकन खाली बसली. मग ते परत घेता आलं नाही. नाही, घेता आलं असतं. चार महिने रोज घेता आलं असतं. तुझ्या नव्या कराराची बातमी आली आणि आईनं ताट सारलं, तेव्हाही मी गप्पच होते.

परवा तिला सगळं सांगितलं.

"म्हंजे ती बुडली न्हाई?"

"न्हाई, आई."

"कधीच?"

"कधीच न्हाई."

मग ती म्हणाली, "समुद्रानं न्हाई, ज्योते, तू बुडवून राहिली होतीस माझ्या लेकराला."

मी थोबाडीत खायला तयार होते. तिनं मारलं नाही. हळूच विचारलं, "तुलाबी शिकायचं व्हतं, तर तवाच काहून न्हाई बोललीस?" मग तिनं ताट ओढलं आणि माझ्याकडं न बघता दोन भाकरी खाल्ल्या. बाबा भिंतीकडं तोंड करून पडले. अजून माझ्याशी बोलले नाहीत.

आईचा निरोप तिच्याच शब्दांत लिहिते: "सही कर. सुट्टी भेटली की ये. मला काई तकलीफ न्हाई."

तुझा हेवा गेला, असं मी लिहिणार नाही. वाटलं होतं, तू परत आलीस की तो मिटेल. तुझं पत्र ऐकताना कळलं, तो काही मिटायचा नाही, नुसती तू इथं येऊन बसशील, माझ्यासारखी. ते मला नको.

उत्तर आईच्या नावानं पाठव. त्यात माझ्यासाठी एक ओळ नसली तरी चालेल. कितीही वाईट लिहिलंस तरी मीच तिला वाचून दाखवीन, एकही शब्द न बदलता.

ज्योती