वार्निशवरची सही

३ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ. इकडे सगळं ठीक. तुझी वहिनी गुडघ्यांवर चिडलेली, आणि गुडघे ऐकत नाहीत म्हणून माझ्यावर.

नदीचं चित्र माणसाबरोबर पाठवतोय. कलादालनात ते लागणार, शिवाय माझा सत्कार! वार्निश पिवळं पडून हिरवळीला कावीळ झाली आहे, तेवढं काढ; जुनी चित्रं साफ करणं तुझं रोजचंच काम. बाहेरच्याला दिलं की चार तोंडं होतात. फक्त सहीच्या कोपऱ्याला हात लावू नकोस. जुनं उकरायचं आपलं वय राहिलं का?

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझा,
दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. चित्र पोचलं. नदी पाहून आधी रडू आलं, मग अंगाचा तिळपापड झाला. मी आजारी पडून होते तेव्हा तू हे माझ्या भिंतीवरून उतरवलंस, माझं नाव हिरव्या रंगाने बुजवलंस आणि वर स्वतःचं घातलंस. आईने शपथ घातली म्हणून गप्प बसले. आता आई नाही.

आणि तू चित्रकार म्हणवतोस! वाळलेल्या वार्निशवर हिरवा रंग लावून सही केलीस, मग वार्निशबरोबर दोन्ही निघणारच. काल तुझं निम्मं नाव कापसाच्या बोळ्यावर आलं. खाली गवत शाबूत आहे आणि माझी पहिली दोन अक्षरंही.

वहिनीला गुडघे शेकायला सांग. माझ्यावर माया होती असं अजून म्हणणार असशील तर म्हण.
तुझी,
छोटी

१५ फेब्रुवारी

छोटे,
आशीर्वाद वगैरे पुढच्या वेळी. तुझ्या वहिनीला यातलं काही माहीत नाही. चित्र आहे तसं परत पाठव, मी सही नीट करून घेतो. मोठा असून पाया पडतो.
दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. चित्र मी स्वतःच कलादालनात नेलं. तुझी उरलेली निम्मी सही तिथल्या मंडळींसमोर, टेबलावर, अगदी सावकाश पुसली. माझं नाव पूर्ण दिसलं तेव्हा फार बरं वाटलं. तुझी दया आली नाही, खोटं कशाला लिहू?

ते सत्कार रद्द करायला निघाले होते. मीच अडवलं. म्हटलं, पाहुणे बोलावलेत, सत्कार होऊ दे, फक्त माझा करा. सन्मानचिन्ह कुणाच्या हस्ते द्यायचं, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. पत्रिका छापून झाल्या आहेत.

वहिनीलाही घेऊन ये. पुढे लोभ ठेवायचा की नाही, ते त्यानंतर ठरव.
तुझी,
छोटी