झोकाळा

लाडक्या ढब्बू,

ताईचे आशीर्वाद आणि एक गालगुच्चा. मी मजेत आहे, खोली उबदार आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? उगीच जिना चढत नाहीस ना?

माझ्या अल्बमचं एकच गाणं रेकॉर्ड व्हायचं राहिलंय आणि त्यावरूनच माझं डोकं फिरलंय. ते आपल्या झोकाळ्याचं गाणं. लहानपणी तू झोका आणि झोपाळा एकत्र कालवलेस आणि तो शब्द घरचाच झाला. शेवटच्या आजारातही आई म्हणाली, "मला जरा झोकाळ्यावर बसव गं." त्या वाक्यातूनच गाणं सुचलं.

आज संगीतकार हसत म्हणाला, "बाई, तुम्ही पडलात कॉन्व्हेंटच्या! असा शब्दच नाही मराठीत. मी 'झोपाळा' करून टाकलंय." मला न विचारता! कोरसचं गाऊनही झालं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

म्हटलं, "शाळेत मराठी बोलले म्हणून बाकावर उभी राहिलेय मी. आता तुम्ही मराठीसाठी उभी करू नका. तो माझ्या आईचा शब्द आहे."

"लोक हसतील."

"हसू देत. आम्हीही हसलो होतो."

उद्या मी झोकाळाच गाणार. चालत नसेल, तर गाणं उचलून घरी आणीन. अक्षर बघून घाबरू नकोस, रागाच्या भरात लिहितेय.

आणि हो, झोकाळ्याच्या कड्या कुरकुरतात म्हणून त्यांना तेल घालू नकोस. मला तो आवाज हवाय.

तुझी, अजून धुमसणारी,
ताई