गलबतावरचा हलवा

मकरसंक्रांत, शके १८२९. बुशायर बंदर, इराणचा किनारा.

यमूचं पहिलं बोरन्हाण झालं, तेही गलबतावर! देवासहून निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "दरबारचे घोडे आणायला जाता, तिकडे पोरीचं बोरन्हाण कसलं होतंय!" ते मनात सलत होतं.

चार दिवस परातीत तीळ परतत, थेंबथेंब पाक घालत बसले. पण समुद्राच्या दमट हवेत हलव्याला काटाच येईना. हे म्हणाले, "अग, बाजारातून खडीसाखर आणतो. यमूला काय कळतंय?" मला कळतं ना!

परवा वाळवंटाकडून कोरडा, गार वारा सुटला. थेट देवासच्या टेकडीवरच्यासारखा. त्यानेच घोडे घ्यायला बसऱ्याला जायची आमची वाट अडवली. कच्छी नाखवा वैतागला, "बेन, ये हवा कब थमेगी?" मी मात्र, देवा क्षमा कर, मनात म्हणत होते, अजून दोन दिवस राहू दे.

आणि काटा आला. पांढराशुभ्र, टोकदार! बोरं नव्हती, खारका घेतल्या. यमूच्या डोक्यावरून ओतल्या तेव्हा दाढीवाले खलाशी वेचायला धावले, नाखवासुद्धा.

मूठभर हलवा बरणीत घालून तोंड मेणानं बंद केलंय. घोडे मागाहून बघा म्हणेन सासूबाईंना, आधी हा काटा बघा.