सुटे भाग

३ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
बारक्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईचं खुब्याचं दुखणं तसंच आहे हे वाचून वाईट वाटलं, नवल वाटलं नाही. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं, हे तू वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना रोज सांगत असशील. आता स्वतःलाच सांगायची पाळी आली. फोनवर हे बोलता येत नाही. गोदीच्या फाटकावर फोन काढून घेतात, आणि संध्याकाळी करावा तर आई तुझ्या शेजारीच असते. तिला काही आठवत नसलं तरी कान शाबूत आहेत. तेव्हा आपलं पत्रच बरं.

माझं विचारशील तर मी ठीक आहे, बोट ठीक नाही. दीड वर्षाच्या दुरुस्तीसाठी गोदीत आणली, तिला आता पाच वर्षं झाली. कागदावर आमच्या नौदलाकडे या जातीच्या चार पाणबुड्या आहेत, आणि पाहुणे आले की साहेब त्या बोटांवर मोजून दाखवतात. त्यातली एक समुद्रात, एक नुकतीच दमून आलेली, एक निघायच्या घाईत, आणि चौथी आमची, बडा घर पोकळ वासा. इथला नियम सरळ आहे. जी चालते तिला द्यायचं, जी उभी आहे तिचं काढायचं. कुठल्याही बहिणीचं काही मोडलं की तिचा माणूस पान्हा घेऊन आमच्या शिडीवर हजर. हवेचा कॉम्प्रेसर गेला, पेरिस्कोपची मोटर गेली, आवाजावरून शत्रू हुडकणाऱ्या सोनार यंत्रणेचं अर्धं कपाट गेलं. परवा तर स्वयंपाकघरातली किटली नेली. समोरच्या धक्क्याला नवी कोरी विनाशिका युद्धनौका लागली आहे, तिच्यावर बँड वाजतो. आमच्याकडे फक्त हवा खेळवायचे पंखे घरघरतात. मी म्हणायला इंजिनरूमचा चीफ, काम मात्र भांडारातल्या कारकुनाचं.

एक चोरी सांगतो, कुठे बोलू नकोस. बोट पाण्याखाली सरळ राहावी म्हणून या टाकीतलं पाणी त्या टाकीत नेणारा एक पंप असतो. आमच्याकडे तो एकच उरला आहे आणि उत्तम आहे. त्याच्या गळ्यात मी लाल टॅग अडकवून ठेवला आहे: नादुरुस्त. आता त्याला कोणी हात लावत नाही.

जूनअखेर मी सुटतो. निवृत्तीचे कागद वर गेले आहेत. मग आई माझ्याकडे आणि तू मोकळी. शब्द दिला आहे, विसरलेलो नाही.

लोभ आहेच. तो वाढवायच्या भानगडीत पडू नकोस, आहे तेवढा टिकव.

तुझा,
बारक्या

१७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पन्नाशीच्या माणसाला बारक्या लिहिताना आता माझंच मला हसू येतं, पण तुझं पोट वाढलं म्हणून माझी सवय बदलत नाही. पंपाची हकीकत वाचली. लहानपणी खाऊचा डबा लपवून वर मुंग्या लागल्या आहेत असं सांगायचास, त्यातलाच हा प्रकार. सरकारने तुला तीस वर्षं पोसून काय शिकवलं कोण जाणे.

आईला आता दर थोड्या वेळाने कुशीवर वळवावं लागतं. मी ड्यूटीवर असते तेव्हा शेजारच्या काकू येतात, पण त्यांचेही गुडघे गेलेले. वॉर्डात दिवसभर तेच करायचं, घरी येऊन तेच करायचं. कधी कधी दाराशी आल्यावर मला क्षणभर कळत नाही की मी ड्यूटीवरून आले की ड्यूटीवर चालले. जेवण झालं की दहा मिनिटांत आई विचारते की मी जेवले का. हो म्हटलं तर खोटं वाटतं तिला.

आता मुख्य गोष्ट. मेट्रनबाईंनी बोलावलं होतं. दुसऱ्या गावी, रेल्वेने एक अख्खा दिवस लागतो तिथे, नर्सिंगच्या शाळेत शिकवायला माणूस हवा आहे. वसतिगृहात खोली मिळेल. मुलींना शिकवायचं, त्यांच्यावर ओरडायचं, आणि आपल्या खोलीचं दार लावून झोपायचं. बारक्या, मला ते हवं आहे. हे वाक्य लिहिलं आणि मीच परत वाचून पाहिलं. मला हवं आहे असं मी शेवटचं कधी म्हणाले ते आठवेना.

मार्चअखेर उत्तर द्यायचं, एक जुलैला हजर व्हायचं. तू जूनअखेर येतोस, मी जुलैला निघते. देवाने घड्याळ लावून दिल्यासारखं जुळलं आहे. फक्त एकदा लिहून कळव की नक्की येतोस. तुझा शब्द आहे, माहीत आहे मला. तरी कळव.

प्रकृतीला जप. लोभ करतोसच, उत्तर तेवढं वेळेवर कर.

तुझी,
ताई

१२ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इथे अशी काही घडामोड झाली की मला दिवसवार कळेना. आपली बोट पुन्हा समुद्रात जाणार! वरून निर्णय आला. चौघींमधली सगळ्यात थकलेली जी आहे ती कायमची मोडीत काढायची आणि तिचे भाग आमच्या बोटीला द्यायचे. पाच वर्षं आमच्या दारात पान्हे घेऊन येत होते, आता आम्ही पान्हे घेऊन जातो आहोत. मोडीत निघणाऱ्या बोटीचा चीफ माझा जुना दोस्त, सगळे त्याला पैलवान म्हणतात. त्याने परवा येऊन माझा लाल टॅगवाला पंप पाहिला, त्यावरून बोट फिरवलं, आणि विचारलं की बिघडलेल्या पंपाला एवढं तेलपाणी कोण करतं. मी ताकास तूर लागू दिली नाही.

आता घोडं पेंड खातं ते इथे. साहेबांनी मला बसवून सांगितलं की या बोटीची नस न् नस तुलाच माहीत आहे, दोन वर्षं मुदत वाढवून घे आणि तिला पाण्यात नेऊनच घरी जा. ताई, मी तिच्याबरोबर पाच वर्षं नुसता सुकत उभा आहे. तिला एकदा खाली जाताना पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच.

दोनच वर्षं. शाळा कुठे पळून जाते? मेट्रनबाई पुढच्या वेळीही तुलाच विचारतील. तोवर दिवसभराची बाई ठेव, पैसे मी पाठवतो. सही अजून केलेली नाही. तू म्हणशील तसं करू.

आईला नमस्कार. लोभ आहे, तो या पत्रानंतरही असू दे.

तुझा,
बारक्या

२४ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तू म्हणशील तसं करू, हे वाक्य तू कधी लिहितोस ते मला पाठ आहे. तुझं आधीच ठरलेलं असतं तेव्हा.

तुझं बोटीचं वाचताना मला राग येत नव्हता, ओळख पटत होती. चार बहिणी म्हणतोस, मला पाचवी धर. बाबा गेले तेव्हा माझ्या कॉलेजचे पैसे निघाले आणि तुझ्या शिक्षणाला लागले. आईच्या पहिल्या ऑपरेशनला तू पाण्याखाली होतास, तेव्हा माझी साठवलेली रजा गेली. त्या मास्तरांचं स्थळ आलं होतं, भला माणूस होता, पण बायकोबरोबर तिची आई त्याला नको होती. तेही गेलं. कुणी हिसकावून नेलं नाही रे. मीच पान्हा हातात दिला. जी चालते तिला द्यायचं, जी उभी आहे तिचं काढायचं. तू चालत होतास, तुझं कौतुक होत होतं, मलाही होतं. मी उभीच होते.

दिवसभराची बाई म्हणतोस. तीन ठेवून झाल्या. आई तिसरीला चावली.

म्हणून तुझ्याचकडून शिकले. आजपासून मीही गळ्यात लाल टॅग अडकवते आहे. नादुरुस्त, कोणी हात लावू नये. खोटा का होईना.

शाळेला होकार कळवला आहे. एक जुलैला मी तिथे असेन. तू सही कर किंवा करू नकोस, आता ते तुझं तू बघ. भांडायला अंगात त्राण नाही, म्हणून हे भांडण समजू नकोस.

ताई

२० एप्रिल

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चार आठवडे मी तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो. सही केली आहे. आज केली. बोटीवर चाळीस माणसांचा जीव असतो आणि तिची खोड माहीत असलेला मी एकटाच आहे. तुला हे पटणार नाही. आईसाठी जे लागेल ते पाठवीन.

लोभ मागायला तोंड नाही.

बारक्या

२ मे

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

कळलं. आमच्या हॉस्पिटलमध्ये म्हाताऱ्या माणसांचा वॉर्ड आहे, तिथे आईसाठी कॉट लावून घेतली आहे. खिडकीजवळची आहे. तिथल्या मुली माझ्या हाताखाली शिकलेल्या, वाईट वागवणार नाहीत. आईला सांगितलं. तिने विचारलं की किती दिवस. मी म्हटलं थोडे दिवस. नंतर मी मोरीत नळ सोडून रडले, आणि तरीही माझा बेत बदललेला नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिते.

२८ जूनला सकाळी तिला तिकडे पोचवते आणि दुपारच्या गाडीने मी निघते.

ताई

९ जून

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कामावरून येताच लिहायला बसलो आहे, हात अजून तेलकट आहेत, कागदाला डाग पडतील.

बोट भरत आली. कॉम्प्रेसर बसला, मोटर बसली, किटलीसुद्धा परत आली. काल पंपाशी आलो. नव्या पोरांसमोर ऐटीत टॅग काढला आणि सांगितलं की हा धडधाकट आहे, मी पाच वर्षं राखला आहे. बटण दाबलं. घुं झालं आणि बंद. उघडून पाहिला तर आतला दांडा गंजून जागेवरच बसलेला. मी बाहेरून पुसत होतो, तेल देत होतो, रंगाचा टवका उडाला तर लावत होतो. पाच वर्षांत एकदाही फिरवून पाहिला नाही. उभं ठेवलेलं यंत्र उभ्या उभ्या मरतं, हे मी नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतो.

पोरं तोंड दाबून हसत होती. पैलवान हसला नाही. त्याने आपल्या बोटीवरचा पंप सोडवून आणला आणि संध्याकाळपर्यंत बसवून दिला. मी नुसता पान्हे पुरवत होतो. नस न् नस मलाच माहीत आहे म्हणे!

ताई, तुझ्या लाल टॅगबद्दल खोटा का होईना, असं तू लिहिलं होतंस. मार्चमध्ये ते वाचून मी हसलो होतो. चांगलं लिहिते आपली ताई, म्हणून. इतकी वर्षं पत्रं लिहून, मस्करी करून मी तुला बाहेरूनच पुसत आलो. तू कशी आहेस हे फिरवून कधी पाहिलंच नाही. मला लाज वाटते.

आज सही परत घेतली. साहेबांनी चहा पाजून समजावलं, मग आवाज चढवला, मग मान्य केलं. आधीचे कागद तयारच होते. माझ्या जागी पैलवान येतो. मी २६ तारखेला येतो. दोन दिवसांत मला सगळं शिकव, कुशीवर वळवायचं, भरवायचं, सगळं. कॉट रद्द कर.

लोभ असो, नसेल तरी शिकव.

तुझा,
बारक्या

१४ ऑक्टोबर

ती. स्व. ताईस, वसतिगृहात,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मुली तुला वाघीण म्हणतात हे वाचून बरं वाटलं. सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत झोपतेस, ते त्याहून बरं.

पैलवानाचं कार्ड आलं. बोट गेली. खाली गेली, सरळ राहिली, वर आली. कार्ड हातात पडलं तेव्हा मी आईची चादर बदलत होतो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. कार्ड हातात धरून बसून राहिलो. मग आईला भूक लागली आणि उठलो. पाठ दुखते. पाण्याखाली दोन महिने काढलेला माणूस मी, पण हे काम त्याहून लांब आहे. तिथे निदान आपल्या जागी पुढचा पहारेकरी येतो.

तू विचारलंस की आई तुझी आठवण काढते का. नाही काढत, कारण तिच्या लेखी तू गेलेलीच नाहीस. ती मलाच ताई म्हणते. सुरुवातीला मी सांगायचो की अगं, मी बारक्या. मग ती घाबरून विचारायची की ताई कुठे गेली, आणि तिला गप्प करता करता माझा जीव जायचा. आता ताई म्हणून हाक आली की मी ओ देतो.

काल मी भरवत होतो. मध्येच घास थांबवून तिने विचारलं, ताई, बारक्या कधी येणार गं. मी म्हटलं, बोटीवर आहे, कामात आहे, येईल लवकर. तिने मान हलवली आणि घास घेतला. थोड्या वेळाने परत विचारलं, मी परत तेच सांगितलं.

तीस वर्षं तू तिला हेच सांगत होतीस ना?

इकडची काळजी करू नकोस, आणि निदान या वर्षी तरी येऊ नकोस. झोप.

तुझ्या लोभावर माझा हक्क नाही, पण भूक आहे.

तुझा,
बारक्या