एका पाण्याची एकच टाकी

बाई,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण आज बोलायला दुसरं कुणी नाही. अजून डोळ्यांसमोर येतं, मुलुंडच्या तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही मटार सोलताय आणि मी, एमएस्सीची घाबरट मुलगी, समोर बसलेय. तीन भाजीवाल्यांकडच्या शेंगांचे तीन ढीग करून तुम्ही मला दाणे मोजायला लावलेत. एकाच ढिगातल्या शेंगांतही कमीजास्त असतंच. ढिगाढिगांतला फरक त्याहून ठळक आहे का, एवढंच संख्याशास्त्रातली ती अ‍ॅनोव्हा चाचणी विचारते, असं तुम्ही म्हणालात आणि मला ते पहिल्यांदा कळलं. पुढे प्रयोगात मी तीन ठिकाणच्या पाण्यांच्या तीन टाक्या मांडल्या, प्रत्येकीत दहा मासे. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात. "दहा मासे म्हणजे दहा पुरावे नव्हेत गं! टाकीतला हवेचा पंप बिघडला तर दहाही रोडावतील. दोष पाण्याचा की टाकीचा, कसं सांगशील?" मी रडले, आणि प्रत्येक पाण्याच्या तीन अशा नऊ टाक्या मांडून सगळं पुन्हा केलं.

गेल्या वर्षी गोराईच्या एक मासेवाल्या मावशी मी शिकवते त्या कॉलेजात आल्या. त्यांच्या खाडीत एका कारखान्याचं पाणी सुटतं, आणखी पाणी सोडायची परवानगी त्याला मिळणार होती. "पिल्लं वाढतच नाहीत गं. तू शिकलेली, कागदावर लिहून दे." त्या परवानगीची सुनावणी महिन्यावर आली होती आणि आमच्याकडे टाक्या तीनच. खाडीतल्या तीन जागांचं पाणी आणून मी तीनच मांडल्या. कारखान्याच्या नाल्याजवळच्या पाण्यातली पिल्लं खरंच बारीक राहिली. आकडे इतके स्वच्छ आले की मी अहवाल देऊन टाकला.

सुनावणीत कारखान्याच्या तज्ज्ञाने अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, प्रत्येक पाण्याच्या टाक्या किती?"

"एक."

तो खाली बसला. अहवाल बाजूला ठेवला गेला.

बाहेर मावशींनी माझा हात धरला. "काय बोलला तो? पिल्लं रोडावली ना आपली?"

"रोडावली, मावशी."

"मग?"

तुमच्यासारखे मटारचे ढीग मांडून समजावणं मला जमलं नाही. बाई, त्यांचं म्हणणं बहुतेक खरंच आहे. पण आता कोणी खरं दाखवायला गेलं, तरी कारखानावाले माझा फसलेला अहवाल आधी पुढे करतील. कारखान्याला परवानगी मिळाली.

टाक्या मांडताना मला सगळं ठाऊक होतं. वाटलं, तिथे एवढं कोण विचारणार?

परवापासून मावशींचा फोन येतोय. मी अजून उचललेला नाही.