मोठीआईला दिलेल्या गोळ्या

सावनेर

चि. मिनल,

लिहायला उशीर झाला, माफ कर. हे पत्र आठ दिवस अर्धंच लिहून माझ्या खिशात होतं. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ वळत नाही.

संधिवात आम्हा नवरा-बायको दोघांनाही; नागपूरला तुझ्या नव्या गोळीच्या संशोधनात तू मला घेतलंस, पण छातीत जुन्या टीबीचा डाग निघाला म्हणून तुझ्या मोठीआईला घेतलं नाहीस. घरी येताना ती म्हणाली, "बोटं माह्ये वाकले अन् गोळ्या तुमाले! वा जी वा!" दुसऱ्या दिवसापासून मी माझी गोळी तिलाच दिली. तू दर महिन्याला रिकामी पाकिटं मोजून म्हणायचीस, "मोठेबाबा, तुमच्यासारखा पेशंट नाही." मी मान डोलवायचो.

तिची मूठ वळू लागली. लाटणं धरून तिनं पोळ्याही लाटल्या. पण आता रोज संध्याकाळी ताप येतो, खोकला थांबत नाही; तो जुना टीबीच पुन्हा उठला की काय, अशी भीती वाटते. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणते, "माह्या हातात बेलणं परत आलं, मिनलले सांगू नका."

काका असून तुझं काम मी नासवलं, त्याची शिक्षा मला दे. पण आत्ता ती पाणी घेऊन समोर उभी आहे आणि आजची गोळी माझ्या मुठीत आहे. देऊ की नको, एवढं पत्र मिळताच कळव.

तुझे मोठेबाबा,
रुपराव